तोतरेपणाची दुसरी बाजू

तोतरे बोलणारी माणसे शब्दांचा मोठा साठा बाळगतात. पुढे कोणता शब्द अडणार हे त्यांना आधीच कळते, म्हणून दुसरा तयार ठेवावा लागतो. पण हा फायदा आम्ही सरसकट धरत नाही. आमच्या वस्तीतला एक तरुण ‘ब’ अडतो म्हणून बाजारातून बटाट्याऐवजी वांगी आणायचा. घरात वांगी कोणी खात नसे. आणि स्वतःच्या नावाला दुसरा शब्द कुठून आणायचा? हजेरीला, मुलाखतीला नेमके तेच विचारतात.

हाच तरुण आता आमच्याबरोबर क्षयरोगाच्या सर्वेक्षणाला घरोघर येतो. दारातच सांगतो, “मी तोतरा बोलतो, जरा वेळ लागेल.” मग समोरचे माणूसही निवांत बसते. घाईने विचारले की ‘खोकला नाही’ म्हणून मोकळ्या होणाऱ्या आजी त्याला रात्रीचा घाम सांगतात, मध्येच सोडलेल्या गोळ्या सांगतात, सुनेपासून लपवलेले थुंकीतले रक्तही सांगतात. ज्याचे बोलणे लोकांनी आयुष्यभर तोडले, तो दुसऱ्याचे तोडत नाही. नर्सिंगच्या वर्गात हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते. अर्थात, लपवणे सोडल्यावरच त्याला हे साधले.

तोतरेपणा दृष्ट लागून किंवा लाडाने येत नाही. मेंदूत बोलण्याचा ताल जुळण्यात फरक असतो, पुष्कळदा तो घराण्यातही असतो. साधारण २ ते ५ वर्षांच्या वयात सुरू होतो. बहुतेक मुलांचा जातो. मोठ्या माणसांत शंभरात सुमारे एकाला राहतो. सर्वांच्या तालात ताल मिळाला की बहुधा अडखळणे थांबते. म्हणून विहारात वंदना सुरळीत म्हणणारे मूल घरी नाटक करते, असा संशय घेऊ नका.

अमेरिकेतले कृष्णवर्णीय अभिनेते जेम्स अर्ल जोन्स (जन्म १९३१) लहानपणी तोतरेपणामुळे सुमारे आठ वर्षे जवळजवळ मुके राहिले. शाळेतल्या एका शिक्षकांनी त्यांना कविता मोठ्याने म्हणायला लावली. ‘द लायन किंग’मधल्या मुफासाचा आवाज त्यांचाच.

मूल अडले की त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. ‘नीट बोल’ म्हणू नका, वेखंड चाटवू नका. आणि मुलगी बघायला पाहुणे आले म्हणून तिला गप्प बसवू नका. लग्नानंतर तिला त्याच घरात बोलायचे आहे. अडखळणे सहा महिन्यांहून जास्त टिकले तर वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही याच कामाची केंद्र सरकारची संस्था आहे.