पाच इंचांचा फळा

'कॉन्टेन्ट मोबाइल-फ्रेंडली आहे' हे वाक्य आपल्या ऑफिसांत दिवसातून दहादा कानावर पडतं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की कागदासाठी केलेल्या पानाची पीडीएफ करून ती मोबाइलवर ढकलली आहे. शाळेच्या पुस्तकाचं असं केलं की काय होतं, ते मी जालना जिल्ह्यात शहागडला पाहिलं.

सोलापूर-धुळे हायवेवरचं हे गोदाकाठचं गाव. टपरीवर चहा घेत होते, तर शेजारी एक मुलगी वडिलांच्या मोबाइलवर भूगोलाचा धडा वाचत बसलेली. पान मोठं करायचं, ओळीसोबत उजवीकडे सरकवायचं, पुढच्या ओळीसाठी परत डावीकडे. "ताई, वाचण्यापेक्षा सरकवणंच जास्ती होतंय," ती म्हणाली. तेवढ्यात वडिलांना फोन आला आणि मोबाइल गेला. धडाही गेला!

आपल्याकडे कुणी विचारच केला नाही, असं मुळीच नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आले. २०२० मध्ये गुरुजींना दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी इतर फायनलिस्टना वाटून टाकली (आपण बोनस मिळाल्यावर काय करतो, ते जाऊ दे). २०१७ मध्ये आलेल्या 'दीक्षा' अ‍ॅपवर कोड स्कॅन करून धडा डाउनलोडही करता येतो. म्हणजे रेंज नसली तरी चालतं.

पण कोडमागे पुन्हा तेच कागदी पान असेल तर? मोबाइलचा धडा मुळातच वेगळा बांधावा लागतो. अक्षर मोठं केलं की ओळ आपोआप स्क्रीनच्या रुंदीत बसायला हवी. मराठीला वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त मोकळी जागा हवी. बटण बोटाला सापडेल एवढं, गूगलच्या डिझाइन नियमांत ते साधारण ९ मिलिमीटर आहे. घरात मोबाइल एकच आणि तो संध्याकाळी बाबांबरोबर घरी येणार, तर धडा पाच-सात मिनिटांचा हवा. मध्येच फोन आला तरी सोडला तिथूनच सुरू होणारा.

आणि हो, फॉन्ट! जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर शोधता येत नाही, मोबाइलला वाचूनही दाखवता येत नाही. दृष्टिहीन मुलासाठी ते पान मुकंच राहतं.