नियमांच्या पुस्तकातला दरवाजा

फ्रीमेसन म्हटलं की बंद खोली, ॲप्रन बांधलेली माणसं आणि गुप्त खुणा डोळ्यांपुढे येतात. उत्तर हिंदुस्थानात लोक त्यांच्या लॉजला ‘जादूघर’ म्हणत. गंमत अशी, की या गुप्त समजल्या जाणाऱ्या मंडळींनी आपले नियम तीनशे वर्षांपूर्वीच छापून टाकले होते.

१७२३ मध्ये लंडनला जेम्स अँडरसन या स्कॉटिश धर्मोपदेशकानं ते पुस्तक सिद्ध केलं. त्यात नियम आहेत, गाणी आहेत आणि थेट आदमपासून सुरू होणारा संघटनेचा इतिहासही आहे. हा इतिहास अर्थातच कल्पित. १७३४ मध्ये बेंजामिन फ्रँकलिननं फिलाडेल्फियात ते पुन्हा छापलं. पहिल्या आवृत्तीच्या प्रती आज दुर्मिळ आहेत.

या पुस्तकांत गुपितं मात्र सापडत नाहीत. विधी तोंडपाठ करायचे असत. आमच्या आष्ट्याच्या भावईत कोणाचा कोणता मान, हे जसं पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलं, तसंच. १७३० मध्ये सॅम्युएल प्रिचर्डनं ते विधी चव्हाट्यावर आणायला एक पुस्तिका काढली. आज अभ्यासकांना जुन्या विधींची माहिती बरीचशी या विरोधकाकडूनच मिळते!

मग अँडरसनच्या पुस्तकाचं मोल कशात? आत कोणाला घ्यायचं, हे त्यात लिहिलंय. सभासदाचा धर्म वा पंथ कोणताही असो, तो भला आणि सचोटीचा असावा, असा त्याचा आशय. त्याच पुस्तकात स्त्रिया आणि गुलाम यांना मात्र मज्जाव. सभासद स्वतंत्र जन्मलेला हवा, अशी अट होती. गुलामगिरी कायद्यानं संपल्यावर १८४७ मध्ये इंग्लंडच्या ग्रँड लॉजनं ‘स्वतंत्र जन्मलेला’ऐवजी ‘स्वतंत्र माणूस’ असा बदल केला. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवली, की एका शब्दात काळ बदललेला दिसतो.

आपल्याकडे हा नियम कसोटीला लागला. अर्काटच्या नवाबाचा मुलगा उमदत-उल-उमरा १७७० च्या दशकात फ्रीमेसन झाला. लंडनहून त्याला ॲप्रन आणि सुंदर बांधणीचं नियमांचं पुस्तक भेट आलं. त्यानं फार्सीत आभार मानले, ते पत्र जरीच्या वेष्टनातून गेलं. नवाबजाद्यासाठी दार उघडलं. पण मुंबईचे समाजसुधारक माणकजी कर्सेटजी यांना इथल्या लॉजनी घेतलं नाही. ते पॅरिसला जाऊन सभासद झाले. पुढे डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकारानं १८४३ मध्ये मुंबईत भारतीयांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघालं. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना तर अनेक वर्षं झगडावं लागलं. हिंदू अनेक देव मानतात, मग ते या चौकटीत कसे बसणार, अशी हरकत होती. १८७२ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला.

छापलेला नियम असा दुधारी असतो. तो करणाऱ्याच्या मनात आपण नसलो, तरी उद्या तोच दाखवून आपल्याला आत जागा मागता येते.

म्हणून एखाद्या जुन्या वाड्यातल्या ट्रंकेत लॉजची नियमपुस्तिका सापडली, तर रद्दीत घालू नका. गुप्त खुणा शोधण्याआधी सभासदांची यादी वाचा. त्या गावात कोण कोणाच्या शेजारी बसत होतं आणि कोणाला बाहेर ठेवलं होतं, हे तिथं कळेल.