सॉफ्टवेअरच्या वापराची मोजदाद आणि रुग्णाचे गुपित

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात आचार्य शिष्याला जो उपदेश करतात, त्यात एक आज्ञा अशी आहे की, रुग्णाच्या घरी गेल्यावर तेथे जे कळेल ते वैद्याने बाहेर सांगू नये. ही आज्ञा आपणां सर्वांना परिचित आहे. परंतु आज रुग्णाच्या घरची गोष्ट वैद्याच्या मुखातून नव्हे, तर त्याच्या टेबलावरील संगणकातून बाहेर जाऊ शकते, आणि ती गेल्याचे वैद्याला कळतही नाही. प्रस्तुत लेखात याच विषयाचा विचार करावयाचा आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या चिकित्सालयात रुग्णनोंदणी व बिलांसाठी एक सॉफ्टवेअर घेतले. एके दिवशी ते मध्येच बंद पडले आणि पडद्यावर सूचना आली, "दोष कळविण्यासाठी अहवाल पाठवावा काय?" आमच्या सहायकाने सवयीने 'होय' दाबले. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या तंत्रज्ञाचा दूरध्वनी आला. बोलता बोलता तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, अमुक बाईंचा केसपेपर उघडा असतानाच बंद पडलं ना?" नाव अचूक होते. त्या भगिनी वंध्यत्वाच्या चिकित्सेसाठी, सासरी कोणालाही न सांगता आमच्याकडे येत होत्या. अहवालासोबत त्या क्षणीच्या पडद्याचे चित्रही गेले होते. तंत्रज्ञाच्या मनात वाईट काही नव्हते. पण तो आमच्याच तालुक्यातला होता. गुपित फुटले नाही, हा केवळ योगायोग. तेव्हापासून आम्ही या विषयाकडे लक्ष देऊ लागलो.

मोजदाद का लागते?

सॉफ्टवेअर बनविणाऱ्याला वापराची माहिती हवी असते, यात गैर काही नाही. कोणती सोय लोक वापरतात, कोणती पडून आहे, प्रणाली कोठे बंद पडते, हे कळल्याशिवाय सुधारणा होत नाही. रुग्णाने लक्षणे सांगितली नाहीत तर वैद्याची जी अडचण होते, तीच त्याची होते. प्रश्न एवढाच की, सोयीची मोजदाद करताना माणसाची नोंद का व्हावी? 'पथ्यापथ्य-पत्रक या महिन्यात चाळीस वेळा छापले गेले' ही वापराची माहिती झाली. 'ते कोणासाठी छापले' ही रुग्णाची माहिती झाली. पहिली कंपनीला देता येईल. दुसरी देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

नाव खोडल्याने भागत नाही

"आम्ही नावे काढून टाकतो," असे उत्तर कंपन्यांकडून नेहमी मिळते. ते पुरेसे नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९० च्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे वगळून संशोधनासाठी देण्यात आल्या होत्या. लटान्या स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीने त्या नोंदी मतदारयादीशी पडताळल्या आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड यांवरून खुद्द राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. पुढे २००० साली त्यांनी दाखवून दिले की, या तीन गोष्टींवरून सुमारे ८७ टक्के अमेरिकन नागरिक एकमेवपणे ओळखता येण्याजोगे होते. या तिन्ही गोष्टी आपल्या केसपेपरवरही बहुधा असतात.

२००६ साली एओएल या कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी इंटरनेटवर घेतलेले शोध, नावांच्या जागी क्रमांक घालून, प्रसिद्ध केले. त्यातील एका क्रमांकामागची वृद्ध महिला कोण, हे वार्ताहरांनी काही दिवसांतच हुडकले. म्हणजे नुसता वापरसुद्धा माणसाची ओळख सांगतो.

एक चांगला वस्तुपाठ

डेबियन ही विनामूल्य संगणक-प्रणाली स्वयंसेवक चालवितात. कोणते प्रोग्रॅम किती लोक वापरतात हे जाणण्यासाठी त्यांनी एक व्यवस्था ठेवली आहे. प्रणाली बसविताना ती परवानगी विचारते आणि आधीपासून निवडलेले उत्तर 'नाही' असे असते. 'होय' म्हटल्यास आठवड्यातून एकदा, संगणकात असलेल्या प्रोग्रॅमची यादी आणि त्यांतील कोणते अलीकडे वापरले, एवढेच पाठविले जाते. नाव नाही, लिहिलेला मजकूर नाही. ओळख म्हणून केवळ एक यादृच्छिक क्रमांक. तयार झालेली यादी वापरकर्त्याला स्वतःच्या संगणकावर वाचता येते आणि प्रसिद्ध होतात ती एकत्रित बेरजेची कोष्टके. मोजदाद होते, पण विचारून आणि बेताची.

नाण्याची युक्ती

याहून सूक्ष्म मार्गही आहे. समजा, एक हजार वैद्यांना विचारले, "आपण ॲलोपॅथीची औषधे लिहिता काय?" खरे उत्तर किती जण देतील, हे आपण जाणतोच. आता प्रत्येकाने एकांतात नाणे उडवावे. छापा आला तर खरे उत्तर द्यावे. काटा आला तर पुन्हा नाणे उडवावे आणि या वेळी छापा आल्यास 'होय', काटा आल्यास 'नाही' म्हणावे; खरे काहीही असो. आता कोणाचेही 'होय' त्याच्यावर शेकत नाही, कारण ते नाण्याचे असू शकते. तरीही हिशोब लागतो. नाण्यामुळे सुमारे २५० 'होय' येणारच. एकूण ४०० आले, तर उरलेले १५० हे खरे बोललेल्या सुमारे ५०० जणांपैकी. म्हणजे प्रमाण सुमारे ३० टक्के. समूहाचे सत्य कळले, व्यक्तीचे झाकले गेले.

या कल्पनेचे मूळ स्टॅन्ली वॉर्नर यांच्या १९६५ च्या शोधनिबंधात आहे. २००६ साली सिंथिया ड्वर्क व सहकाऱ्यांनी अशा गोपनीयतेचे माप गणिताने बांधून दिले. गूगलने २०१४ साली क्रोमसाठी आणि ॲपलने २०१६ साली आयफोनसाठी याच जातीची पद्धत आणली. तेथे नाणे यंत्रच उडविते, आणि तेही माहिती बाहेर जाण्यापूर्वी.

मर्यादाही लक्षात घ्याव्यात. वीस-पंचवीस जणांत हा हिशोब फसतो. संख्या मोठी लागते. आणि तोच प्रश्न रोज विचारून रोज नवे नाणे उडविले, तर उत्तरांच्या सरासरीतून सत्य उघडे पडते. मात्रा चुकली की औषधाचा गुण जातो, तसेच हे.

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. मुख्य कर्तव्यांसाठी तेव्हापासून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. या कायद्याप्रमाणे संमती मोकळेपणाने, समजून-उमजून आणि विशिष्ट कारणासाठी दिलेली असावी लागते. सुरक्षिततेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असे की, रुग्णाची माहिती आपल्या वतीने हाताळणाऱ्या कंपनीकडून चूक झाली, तरी कायद्याने जबाबदारी मूळ माहिती घेणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावरच राहते.

विक्रेत्यास काय विचारावे?

१) वापराची कोणकोणती माहिती बाहेर जाते, याची लेखी यादी द्याल काय?
२) परवानगी आधी विचारता काय, आणि नकार दिल्यास सॉफ्टवेअर पूर्ववत चालते काय?
३) दोष-अहवालात पडद्याचे चित्र, रुग्णाचे नाव वा मोबाईल क्रमांक जातो काय?
४) माहिती किती दिवस ठेवता आणि कोणाला देता?
५) पाठविलेली माहिती आम्हांस पाहता येईल काय?

औषधालयचालकांनी आणखी एक काळजी घ्यावी. बिलावर रुग्ण, वैद्य आणि औषध ही तिन्ही नावे एकत्र येतात. खपाचे आकडे कंपनीस द्यावयाचे असल्यास फक्त बेरजा द्याव्यात, आणि जे औषध महिन्यात एक-दोघांनीच नेले त्याचा आकडा स्वतंत्र न दाखविता इतरांत मिसळावा. लहान गावात 'एक' हा आकडाही नाव सांगून जातो. तसेच दुरुस्तीसाठी दुरून संगणक हाती देताना रुग्णनोंदी आधी बंद कराव्यात.

आम्ही वरील प्रश्न आमच्या कंपनीस लेखी विचारले. पहिल्या पत्रास उत्तर आले नाही. दुसऱ्या पत्रानंतर पडद्याचे चित्र पाठविणे बंद झाले. एका चिकित्सालयाच्या पत्राने एवढे घडले. सर्व सभासदांनी आपापल्या विक्रेत्यास असेच पत्र लिहावे आणि आलेले उत्तर केसपेपरांइतकेच जपून ठेवावे, ही विनंती. त्या भगिनींना पुढे अपत्यप्राप्ती झाली. ती वार्ता घरी सांगण्याचा मान त्यांचा होता, आणि तो त्यांनाच मिळाला.