हरित न्यायाधिकरणाची अधिकारकक्षा व उच्च न्यायालय : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात

संसदेने विशिष्ट विषयासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण स्थापिले, म्हणजे त्या विषयापुरते उच्च न्यायालयाचे दार बंद होते काय? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० याच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२२ रोजी या प्रश्नास नकारार्थी उत्तर दिले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या वकील संघाने हा वाद नेला होता. कायद्याचे १४ वे कलम न्यायाधिकरणास अधिकार देते आणि २२ व्या कलमान्वये त्याच्या निर्णयावरील अपील थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाते. परंतु या दोहोंमुळे संविधानाच्या अनुच्छेद २२६ व २२७ खालील उच्च न्यायालयाचा अधिकार लोपत नाही, असे ठरले. एल. चंद्रकुमार खटल्यात १९९७ साली सात न्यायाधीशांच्या पीठाने घालून दिलेल्या तत्त्वाचाच हा विस्तार होय.

या निर्णयाचे मोल कळण्यास जुन्नर व आंबेगाव हे तालुके सोयीचे आहेत. न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यासच आहे, तेव्हा अंतराची तक्रार येथे फारशी नाही. अडचण वेगळी आहे. न्यायाधिकरणाचा अधिकार पहिल्या अनुसूचीतील कायद्यांपुरता असून तीत जल, वायू, वनसंवर्धन, पर्यावरण संरक्षण, जैवविविधता इत्यादी विषयांचे ७ कायदे घातले गेले. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ तीत नाही. वनहक्क कायदा, २००६ हाही नाही.

आता प्रत्यक्ष स्थिती पाहावी. ओढ्यात सांडपाणी सोडले गेले, तर प्रकरण न्यायाधिकरणाचे. उसाच्या फडात वावरणाऱ्या बिबट्यास पकडण्याची अनुज्ञा मात्र १९७२ च्या कायद्याच्या ११ व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षक देतो. त्या आदेशाविरुद्धची दाद उच्च न्यायालयाकडेच मागावी लागेल. महादेव कोळी गावाच्या सामूहिक वनहक्काचेही तेच. भीमाशंकर अभयारण्याची गोष्ट तर अधिकच चमत्कारिक आहे : अभयारण्य १९७२ च्या कायद्याखाली, पण त्याभोवतीचे संवेदनशील क्षेत्र पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली. शेकरूला ही सीमा अर्थातच ठाऊक नसते. वकिलाला ती ठाऊक असावी लागते.

न्यायाधिकरण दुर्बल आहे, असा याचा अर्थ नव्हे. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, मुंबई महानगरपालिकेच्या प्रकरणासह चाललेल्या अपिलांत, ते स्वतःहून दखल घेऊ शकते हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. धूळ, पाणी, माती यांची मोजमापे तपासण्यास त्याच्यापाशी तज्ज्ञ सदस्य आहेत. रिट अधिकारात उच्च न्यायालय अशा वादग्रस्त तथ्यांत सहसा शिरत नाही. म्हणून दोन्ही मार्ग खुले असले तरी ते समान नाहीत, आणि २०२२ च्या निर्णयाने उच्च न्यायालयास दुसरे अपील न्यायालय बनविलेले नाही, असे आमचे मत आहे.

निवड चुकल्यास किंमत पडते. १४ व्या कलमाखालील अर्जास वादकारण प्रथम उद्भवल्यापासून ६ महिन्यांची मुदत आहे. पुरेसे कारण दाखविल्यास आणखी ६० दिवस मिळतात, त्यापुढे नाही. भरपाईच्या अर्जास मात्र १५ व्या कलमान्वये ५ वर्षे आहेत.