कोरे आणि धुवट : नवजात बालकाच्या वस्त्रांसंबंधीच्या काही मराठी शब्दांचा विचार

मराठी समाजात वस्त्र देण्याघेण्याचे जे प्रसंग आहेत, त्यांपैकी बहुतेकांत कोऱ्या वस्त्राला मान असतो. वधूला कोरी साडी, ओटीत कोरा खण, देवाला कोरे वस्त्र. इतकेच नव्हे, तर मृत देहावर घालावयाचे कापडही कोरेच. या रीतीला एक ठळक अपवाद आहे, तो नवजात बालकाचा. अनेक घरांत मुलाच्या अंगाला पहिल्या दिवसांत जे कापड लागते, ते आजीच्या जुन्या लुगड्याचे किंवा वापरून मऊ झालेल्या धोतराचे असते. आणि नवे झबले वा टोपडे घालावयाचेच झाले, तर ते आधी पाण्यातून काढून घेतले जाते. ज्या जिवाचे आगमन घराला सर्वांत आनंदाचे, त्यालाच कोरे वस्त्र का नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर चालीरीतींच्या वर्णनात जितके सापडते, त्याहून अधिक ‘कोरे’ व ‘धुवट’ या दोन शब्दांच्या अर्थात सापडते.

(१) कोरे आणि नवे

‘कोरे’ व ‘नवे’ हे शब्द समानार्थी नाहीत. ‘नवे’ हा शब्द काळाचा निर्देश करतो व त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘जुने’ होय. ‘कोरे’ हा शब्द संस्काराचा अभाव सांगतो. कोरा कागद म्हणजे ज्यावर लिहिलेले नाही तो. कोरा शिधा म्हणजे न शिजविलेला. कोरा चहा म्हणजे दूध न घातलेला. सात-बारा कोरा झाला म्हणजे त्यावरील कर्जाची नोंद गेली. कापडाच्या बाबतीत हा संस्कार पाण्याचा असतो. म्हणून पेटीत वीस वर्षे पडून राहिलेले ठाणही कोरेच राहते आणि काल घेतलेले झबले एकदा धुतले की नवे असूनही कोरे राहत नाही. ‘नवे–जुने’ आणि ‘कोरे–धुवट’ हे असे दोन स्वतंत्र अक्ष आहेत, आणि बालकाच्या वस्त्रांच्या निवडीत निर्णायक असतो तो दुसरा.

हा भेद प्राचीन आहे. अमरकोशात कोऱ्या कापडासाठी अनाहत, निष्प्रवाणि, तंत्रक व नवांबर असे चार शब्द एकत्र आले असून धुतलेल्या वस्त्रांच्या जोडीला ‘उद्गमनीय’ ही निराळी संज्ञा आहे. मागावरून उतरलेले कापड आणि धुतलेले कापड या दोन वेगळ्या वस्तू आहेत, ही जाणीव कोशकाराला नावानिशी नोंदवावीशी वाटली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

(२) धुवट आणि धुतलेले

‘धुवट’ या शब्दाची घडण पाहण्यासारखी आहे. ‘खारट’, ‘मळकट’, ‘पिवळट’ या विशेषणांतील अंत्य ‘-ट’ने सादृश्याची किंवा किंचितपणाची छटा येते. ‘धुवट’मध्ये ती छटा नाही. तेथे धातूपासून बनलेले विशेषण क्रियेमुळे वस्तूला आलेली स्थिती दर्शविते. ‘धुतलेले’ या कृदंताशी तुलना केली असता फरक स्पष्ट होतो. ‘आताच धुतलेले’ असे म्हणता येते; ‘आताच धुवट’ असे म्हणता येत नाही. ‘धुतलेले’ ही घटना आहे, ‘धुवट’ हा गुण आहे. पाणी लागून लागून सूत मऊ झाले, खळ निघून गेली, जाणार तो रंग जाऊन उरला तो पक्का ठरला, एवढा आशय या एका शब्दात सामावतो.

वस्तुस्थितीही या अर्थाला पोषक आहे. विणताना ताण्याचे सूत तुटू नये म्हणून त्याला खळ देण्यात येते. कापड तयार झाल्यावर त्यावर रंगाच्या, छपाईच्या व घडी टिकविण्याच्या अनेक प्रक्रिया होतात. सुरकुत्या पडू नयेत म्हणून सुती कापडाला ज्या राळी दिल्या जातात, त्यांतील काहींतून फॉर्मॅल्डिहाइड सुटते. पुढे गोदाम, दुकान व अनेकांचे हात यांतून ते घरी येते. नवे कापड म्हणजे स्वच्छ कापड, ही समजूत म्हणूनच खरी नाही. ते केवळ कोरे असते.

(३) पाणी आणि ऊन

धुण्याच्या क्रियेसाठी मराठीत जे शब्द आहेत, त्यांत बाळाच्या कपड्यांसाठी स्वतंत्र निवड आढळते. मोठ्यांचे कपडे आपटले, धोपटले व घासले जातात. बाळुती, लंगोट, झबली, कुंची व दुपटी चुबकून काढली जातात. परीटघडीचे बाळुते कोणी मागत नाही, कारण परीटघडीला कडकपणा लागतो व बाळुत्याला मऊपणा. येथे नीळ व खळ ही धुण्याची शेवटची पायरी न राहता टाळावयाची गोष्ट ठरते.

याहून महत्त्वाचा आहे तो ‘पाणी’ या शब्दाचा परिमाण म्हणून होणारा उपयोग. ‘पहिल्याच पाण्यात रंग गेला’ या वाक्यात पाणी हे धुण्याच्या खेपेचे माप आहे; ‘तीन पाण्यांतून काढले’ या वाक्यात ते खळबळण्याच्या खेपेचे माप आहे. हे माप पोकळ नव्हे. पिळल्यानंतर कापडात पाण्याचा दहावा हिस्सा उरतो असे उदाहरणादाखल मानले, तर पहिल्या पाण्यानंतर साबणाचा दहावा, दुसऱ्यानंतर शंभरावा व तिसऱ्यानंतर हजारावा अंश शिल्लक राहील. तेवढेच पाणी एकदम वापरल्याने हा परिणाम साधत नाही. प्रत्येक वेळी पिळून नवे पाणी घेतल्याने साधतो. संख्येचा आग्रह धरणाऱ्या या वाक्प्रयोगात व्यवहाराचे गणित आहे.

वाळविण्याचे शब्दही असेच काटेकोर आहेत. ओले व वाळलेले यांच्यामध्ये मराठीने ‘आंबट-ओले’ ही तिसरी अवस्था मानली आहे. पावसाळ्यात बाळुती बहुधा याच अवस्थेत घडी करून ठेवली जातात आणि त्यांना कुबट वास येतो. तो वास सूक्ष्म जीवांच्या वाढीचा असतो. ‘खडखडीत वाळलेले’ हे विशेषण या अवस्थेचा निःसंदिग्ध निषेध करते. ‘ऊन दाखविणे’ हा प्रयोग तर वाळविण्याहूनही वेगळा आहे, कारण ऊन कोरड्या वस्त्रांनाही दाखविले जाते.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात बालकाच्या अंथरुणा-पांघरुणाचा जो विधी सांगितला आहे, त्यात हाच क्रम दिसतो. ती वस्त्रे मृदू, हलकी, शुद्ध व सुगंधी असावीत. घाम, मळ, जंतू किंवा मलमूत्र लागलेली वर्ज्य करावीत. आणि दुसरी मिळण्यासारखी नसतील तर तीच उत्तम धुऊन, धुरी देऊन, शुद्ध व कोरडी करून वापरावीत, असा त्या वचनाचा आशय आहे. धुरीची योजना आज मागे पडली असून तान्ह्या मुलाच्या श्वासमार्गाला धूर अपायकारक असतो, हे आता माहीत आहे. पण ‘दुसरी नसतील तर’ ही सवलत लक्षणीय आहे. वस्त्र जुने की नवे याला तेथे महत्त्व नाही. धुणे व वाळविणे यांना आहे.

(४) तीन घटना

या भेदाचे मोल केवळ शब्दार्थापुरते नाही, हे परदेशांतील वैद्यकीय नोंदींवरून कळते.

पहिली नोंद १८८६ सालची, ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील आहे. रेनर या डॉक्टरला काही नवजात अर्भके अकस्मात निळी पडलेली दिसली. शोध घेता कारण सापडले ते त्यांच्या लंगोटांवर नुकत्याच मारलेल्या शिक्क्यांच्या शाईत. शाईतील ॲनिलिन ओलाव्याबरोबर त्वचेतून शरीरात जात होते व रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट करीत होते. नवजात बालकात हा बिघाड दुरुस्त करणारे विकर अल्प असते. म्हणून मोठ्या माणसाला जे क्वचितच बाधले असते, ते त्याला बाधले. अशाच घटना पुढे विसाव्या शतकातही इतरत्र घडल्या आणि शिक्का मारलेले कापड उकळून धुतल्याखेरीज बालकाला वापरू नये, असा धडा त्यांतून मिळाला. मराठीच्या परिभाषेत सांगावयाचे तर ते लंगोट कोरे होते.

दुसरी घटना १९६७ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे घडली. तेथील एका रुग्णालयात नऊ नवजात बालकांना विलक्षण घाम, ताप व धाप ही लक्षणे दिसू लागली व त्यांपैकी दोन दगावली. त्यांचे लंगोट आणि चादरी धुतलेल्या होत्या. किंबहुना दोष धुण्यातच होता. बुरशी येऊ नये म्हणून धुलाईत वापरलेल्या द्रव्यात पेंटाक्लोरोफिनॉलचा क्षार होता व त्याचा अंश कापडात राहत होता. येथे कापड ‘धुतलेले’ होते, परंतु ‘तीन पाण्यांतून काढलेले’ नव्हते. धुणे म्हणजे केवळ मळ काढणे नव्हे, ज्याने मळ काढला तेही काढणे होय, हे या घटनेने दाखविले.

तिसरी नोंद १९६३ सालची, ग्रीसमधील आहे. व्हालाएस, डॉक्सियाडिस व फेसास या डॉक्टरांनी नॅफ्थलीनच्या वाफेने रक्तपेशी फुटून आजारी झालेल्या २१ नवजात बालकांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी १२ बालकांत जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात उणीव होती. नॅफ्थलीन म्हणजेच आपल्याकडे डांबरगोळी या नावाने विकले जाणारे द्रव्य. ही उणीव भारतातही आढळते. पारशी समाजात व काही आदिवासी समाजांत तिचे प्रमाण अधिक आहे.

(५) ठेवणीतले

ही तिसरी नोंद मराठी घरांच्या दृष्टीने सर्वांत जवळची आहे. थोरल्या मुलाची कुंची, आत्याने शिवलेले दुपटे, पणजीच्या लुगड्याची गोधडी ही वस्त्रे ट्रंकेच्या तळाशी डांबरगोळ्या घालून जपलेली असतात व घरात पुन्हा पाळणा हलण्याची वेळ आली की प्रेमाने बाहेर काढली जातात. ती जुनी, मऊ व एके काळी धुवट असतात. त्यामुळे त्यांना पुन्हा पाणी दाखविण्याची गरज कोणाला भासत नाही. वास येतो तो जपणुकीचा समजला जातो.

त्यांच्यासाठी भाषेत ‘ठेवणीतले’ हा निराळा शब्द आहेच. ‘ठेवणीतले’ हे ‘कोरे’ नव्हे, तसेच ते ‘धुवट’ही राहिलेले नसते. नॅफ्थलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, परंतु हवेत सहज उडून जाते. म्हणून अशा वस्त्रांना धुण्याबरोबरच दिवसेंदिवस वारा व ऊन देणे अवश्य असते. वास पूर्णपणे गेल्याशिवाय ती बाळाजवळ नेऊ नयेत, आणि बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी मुळीच घालू नये, हे अधिक बरे. ‘पाणी’ आणि ‘ऊन’ ही दोन साधने मराठीने वेगळी ठेवली, त्याचे प्रयोजन येथे उघड होते. जे पाण्याने जात नाही, त्यासाठी ऊन.

(६) परंपरेची मर्यादा

तथापि शब्दांत जतन झालेले शहाणपण आचरणात नेहमी उतरले, असे मानणे चुकीचे ठरेल. ‘जुनेर’ या शब्दाला दोन बाजू आहेत. जुनेर म्हणजे पाणी लागून मऊ झालेले वस्त्र; आणि जुनेर म्हणजे गेले तरी हरकत नाही असे वस्त्र. सोहेराच्या कल्पनेमुळे बाळंतिणीच्या खोलीत गेलेले कापड पुढे टाकावयाचे किंवा निराळे ठेवावयाचे असे. त्यामुळे पुष्कळदा पहिल्या अर्थाऐवजी दुसऱ्या अर्थाचे जुनेर तेथे पोचले आणि न धुतलेली फडकी व चिंध्या जन्माच्या क्षणी वापरल्या गेल्या. विटाळाचे धुणे दृष्टीआड, सावलीत वाळविले गेल्याने त्याला ऊनही मिळाले नाही.

‘सोवळे’ या शब्दाने हा घोटाळा वाढविला. रेशमी मुकटा न धुताही सोवळा असतो व निर्मळ धुतलेले सुती कापड कोणी शिवल्याबरोबर ओवळे होते. सोवळे, शुद्ध, स्वच्छ, धुवट व निर्जंतुक हे पाच शब्द पाच वेगळ्या कसोट्या सांगतात. आरोग्यविषयक सूचनांत ‘बाळासाठी स्वच्छ कापड वापरावे’ असे एक वाक्य छापले जाते, तेव्हा दुकानातून आणलेले कोरे झबले, ट्रंकेतली ठेवणीतली कुंची व देवघरातले सोवळ्याचे वस्त्र ही तिन्ही ऐकणाऱ्याच्या मते त्या वाक्यात बसतात. आणि वर पाहिल्याप्रमाणे, त्यांपैकी एकही तसेच वापरण्याजोगे नसते.

यावर उपाय नवी परिभाषा घडविण्याचा नाही. ‘कोरे असो वा ठेवणीतले, बाळाचे प्रत्येक वस्त्र सौम्य साबणाने धुवावे, तीन पाण्यांतून काढावे, खडखडीत वाळवावे व त्याला ऊन दाखवावे’ एवढ्या सूचनेत घरोघरीच्या बायकांच्या तोंडी नसलेला एकही शब्द नाही. बोलीत रुजलेला भेद लिखित सूचनेत पुसला जाऊ नये, हे पाहणे भाषाभ्यासकाचे काम आहे. आणि त्या भेदाशी एका तान्ह्या जिवाचा संबंध असेल, तर ते काम गौण मानता येत नाही.