गळतं म्हणून घर पाडायचं?

मृग जवळ आला, की मावळात एक सल्ला हमखास कानावर येतो. "दरवर्षी शाकारणी किती दिवस करणार? पाडा आणि स्लॅब टाका, गळतीचा विषयच संपला." नाहीतर, "विकून टाका, तळेगावात फ्लॅट घ्या."

स्लॅब गळत नाही म्हणणाऱ्याने एकदा लोणावळ्यात चक्कर मारावी आणि मान वर करून बघावं. स्लॅबच्या डोक्यावर पत्र्याची शेड, एका मागून एक इमारतीवर. त्या सगळ्या काय हौसेने घातल्यात?

पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात 4,000 च्या पुढे. कौलांच्या उतरत्या पाख्यावरून पाणी वाहून जातं. सपाट स्लॅबचा ढाळ चुकला, तर ते साचतं आणि भेगांतून सळईपर्यंत पोचतं. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. फुटकं कौल दहा मिनिटांत बदलतं. सळईचं तसं नाही.

मग दुसरा मुद्दा येतो: "लाकूड जुनं झालंय." अहो, कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या छताच्या लाकडी फासळ्या सुमारे 2,000 वर्षांच्या आहेत! त्यांच्यावर अख्खा डोंगर आहे, हे खरं. पण म्हणूनच कोरडं राहिलेलं लाकूड किती टिकतं, ते तिथे दिसतं. घरातला वासा भिंतीत शिरतो तिथे खिळा टोचून बघा. भुसभुशीत लागला, तर तेवढा वासा बदला. जोतं खचलं असेल, भिंतीला पोट आलं असेल, तर मात्र मायेत अडकू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि तो पाडा म्हणाला तर पाडा.

आता किरकोळ गैरसमज.

"मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल थांबते." उलट ओल आत कोंडते आणि गिलावा पोपडे धरून सुटतो.

"आपल्या घराला परवानगी कशाला?" महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 नुसार बाह्यरूप फारसं न बदलणाऱ्या दुरुस्तीला सूट आहे. कौलं काढून स्लॅब टाकणं त्यात बसत नाही.

"ग्रामपंचायतीचा नमुना 8 आहे, म्हणजे घर आपलं." ती करआकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. विकायला निघाल तेव्हा हे कळून उपयोग नाही.

"फ्लॅटला खर्च म्हणजे फक्त किंमत." मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि बांधकाम चालू असेल तर जीएसटीही धरा.

"नव्या इमारतीत कटकट नाही." रेरा कायद्यानुसार बांधकामातल्या दोषांची बिल्डरची जबाबदारी ताब्यापासून 5 वर्षांची. पुढची गळती सोसायटीची, म्हणजे तुमचीच.

तेव्हा घर कुठे गळतं ते आषाढात बघा आणि निर्णय दिवाळीनंतर घ्या. फ्लॅटच घ्यायचा ठरला, तर तोही भर पावसात बघायला जा.