बांध, उघाडी आणि घरचा संगणक

आपल्या खारपट्टीतल्या माणसाला बांध म्हणजे काय हे शिकवायला नको. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताचे शेत, मध्ये मातीचा बांध. खेकडा त्या बांधात बोटभर बीळ पाडतो. कुणाचे लक्ष जात नाही. मग अमावास्येचे उधाण येते. त्या बिळातून पाणी शिरते, माती सुटते आणि बांधाला खांड पडते. एकदा का खारे पाणी शेतात भरले, की त्या सालचे पीक तर गेलेच, पण पुढची काही वर्षे जमीनही नीट पिकत नाही.

आज आम्हाला सांगायचे आहे ते संगणकाबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरबद्दल. मग मध्येच बांध कशाला आणला? तर घरी नवा संगणक आला, की त्यालाही एक बांध घालावा लागतो. आणि घातल्यावर त्याच्याकडे रोज बघावे लागते. आम्ही पहिले केले, दुसरे केले नाही. त्याचे काय झाले ते आधी सांगतो.

२०१६ सालची गोष्ट. गावच्या जत्रेचा हिशेब आमच्याकडे होता. "मास्तर, हिशेब तुमच्याकडेच बरा," असे गावाचे म्हणणे. पूर्वी आम्ही वहीत लिहीत असू. घरी संगणक आल्यावर त्यावर लिहू लागलो. बेरीज आपोआप होते, खाडाखोड नाही. वही मागे पडली. संगणकात अँटीव्हायरस होता. तो दुकानातून एका वर्षासाठी घेतलेला. ते वर्ष संपले. रोज सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात लाल पाटी येई, मुदत संपली म्हणून. आम्ही ती रोज बंद करत असू. उद्या बघू, उद्या बघू म्हणत चार महिने गेले.

जत्रा आठ दिवसांवर आली होती. मंडपवाल्याच्या बिलाची आम्ही वाट पाहत होतो. अशात एक ई-मेल आला. ई-मेल म्हणजे संगणकावर येणारे पत्र. वर लिहिले होते 'बिल'. सोबत एक कागद जोडलेला. पाठवणाराचे नाव ओळखीचे नव्हते. पण बिल आहे ना, मग आपलेच, असे धरून आम्ही तो कागद उघडला. आत वाचण्यासारखे काही नव्हते. थोड्या वेळाने हिशेबाची फाइल उघडेना. फोटो उघडेनात. सगळ्या फायलींची नावे बदललेली. आणि पडद्यावर इंग्रजीत नोटीस: तुमच्या फायलींना आम्ही कुलूप घातले आहे, किल्ली हवी तर पैसे भरा.

पैसे आम्ही भरले नाहीत. चोर पैसे घेऊन किल्ली देईलच, याला जामीन कोण? पण सत्तर-ऐंशी घरांची वर्गणी त्या फायलीत होती. आम्हाला घरोघर जावे लागले. तुमची पावती जरा दाखवता का, असे विचारावे लागले. कुणी वाकडे बोलले नाही. मात्र एका घरी म्हातारी आतून म्हणाली, "वहीत होतं तेव्हा बरं होतं हो, मास्तर." पावत्यांवरून हिशेब जुळवला. दोन पावत्या मिळाल्याच नाहीत. ती रक्कम आम्ही पदरची भरली.

आता हा व्हायरस म्हणजे काय? व्हायरस म्हणजे विषाणू. पण सर्दीचा असतो तसा तो जिवंत नव्हे. संगणक माणसाने लिहिलेल्या हुकमांवर चालतो. त्या हुकमांच्या यादीला प्रोग्रॅम म्हणतात. चांगला प्रोग्रॅम बेरीज करतो, पत्र लिहू देतो. व्हायरस हाही प्रोग्रॅमच, फक्त वाईट बुद्धीने लिहिलेला. तो चोरपावलांनी शिरतो, स्वतःच्या नकला काढतो आणि एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जातो. कुणी फायली पुसून टाकतो. कुणी बँकेचा पासवर्ड चोरतो. कुणी कुलूप घालतो, आमच्याकडे घातले तसे.

अँटीव्हायरस हा पहारेकरी. तोही प्रोग्रॅमच. त्याच्याजवळ माहीत असलेल्या चोरांच्या खुणांची यादी असते. आत येणारी फाइल तो त्या यादीशी ताडून पाहतो. शिवाय वागणुकीवर नजर ठेवतो. एखादा प्रोग्रॅम भराभर फायलींना कुलपे घालू लागला, तर यादीत नसला तरी त्याला तो अडवू पाहतो. पण नवे चोर रोज निघतात, म्हणून यादीही रोज ताजी लागते. ती इंटरनेटवरून येते. यादी जुनी झाली की पहारेकरी दारात उभा असतो खरा, पण नवा चोर त्याला ओळखू येत नाही. आमचा तसाच उभा होता.

आता तुमच्या घरी नवा संगणक येतो आहे, असे समजू. सात-बारा बघायला, मुलांच्या अभ्यासाला, होडीच्या डिझेल-बर्फाचा हिशेब ठेवायला, नाहीतर अलिबाग-दिवेआगरकडे पाहुण्यांच्या खोल्यांची नोंद करायला लोक तो घेतात. खोके उघडण्याआधी जागा ठरवा. आपली हवा दमट आणि खारी. खिडकीच्या गजांना गंज कसा चढतो ते आपण बघतोच. तीच हवा संगणकाचा पंखा आत ओढून घेतो. म्हणून समुद्राकडच्या खिडकीत, ओल्या भिंतीला चिकटून किंवा जमिनीवर तो ठेवू नये. मेजावर ठेवावा, मागे वीतभर जागा सोडावी. पावसाळ्यात महिनाभर झाकून ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवावा, म्हणजे आतली ओल उडते. प्लग तीन पिनांचा हवा आणि अर्थिंग चांगले हवे. वीज सारखी जात असेल तर यूपीएस घ्या. त्यात बॅटरी असते. वीज गेली की हातातले काम आवरून यंत्र नीट बंद करायला थोडी मिनिटे मिळतात. विजा कडाडू लागल्या तर प्लग काढाच, आणि इंटरनेटची तार असेल तर तीही काढा.

पहिल्यांदा सुरू केल्यावर संगणक भाषा, देश, नाव विचारतो. पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, ठेवायला सांगतो. तिथे मुलाचे नाव, जन्मसाल, एक-दोन-तीन-चार असले काही नको. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द जोडावेत. पाटा, होडी, गुरुवार, असे काहीतरी. (आम्ही हे इथे छापले, तेव्हा हेच ठेवू नका!)

यानंतरचे काम मात्र चुकवू नका. पेन ड्राइव्ह लावण्याआधी, मुलांना खेळू देण्याआधी, संगणक इंटरनेटला जोडून अपडेट करून घ्या. संगणकाचा मूळ कारभार पाहणारा प्रोग्रॅम बहुतेक घरी विंडोज असतो. तो माणसांनीच लिहिलेला, म्हणून त्यात बिळे राहतात. बनवणारी मायक्रोसॉफ्ट कंपनी बिळे सापडतील तशी ती बुजवायची माती पाठवत असते. तेच अपडेट. पहिल्या वेळी याला तासन्‌तास लागू शकतात. लागू द्या.

जुना संगणक स्वस्तात मिळतो, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारावा: यात विंडोज कुठले? विंडोज १० साठी ही माती पाठवण्याचे नेहमीचे काम १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. बांध आहे, पण डागडुजी बंद, असा तो प्रकार. काही दुकानदार चोरीची विंडोज फुकट भरून देतात. त्यात काय मिसळले आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आणखी एक. संगणकात दोन खाती काढा. एक घरातल्या जाणत्या माणसाचे, त्यातून नवे प्रोग्रॅम घालता येतात. दुसरे साधे, रोजच्या वापराचे. मुलांना साधे खाते द्यावे, आणि खरे म्हणजे आपणही तेच वापरावे. उघाडीची फळी कुणीही यावे आणि काढावी, असे आपण शेतात चालू देतो का?

आता पहारेकरी कुठला ठेवायचा? लोकांना वाटते की विकत घेतल्याशिवाय अँटीव्हायरस मिळत नाही. तसे नाही. आजच्या विंडोजमध्ये तो मुळातच असतो, वेगळे पैसे पडत नाहीत. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ढालीचे चिन्ह शोधा. त्यावर हिरवी खूण असली की ठीक. पिवळी किंवा लाल दिसली तर त्याच दिवशी बघा, आमच्यासारखे चार महिने थांबू नका. साध्या घरच्या वापराला हा पहारेकरी पुरतो, असे आमचे मत झाले आहे. विकतचा घ्यायचा तर जरूर घ्या. त्यात कधी मुलांवर लक्ष ठेवायची सोय असते, कधी बँकेच्या व्यवहाराला जादा राखण असते, अडचण आली तर विचारायला माणूस मिळतो. पण घेताना मुदत किती, दुसऱ्या वर्षी किती पैसे पडतील, हे विचारून घ्या. पहिल्या वर्षीची किंमत पुष्कळदा कमी असते. आणि दोन पहारेकरी एका दारात ठेवू नयेत. ते एकमेकांनाच अडवतात आणि यंत्र मंद होते.

पहारेकरी विकणाऱ्यांत आपल्या मराठी माणसाचीही कंपनी आहे. सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर दहावीपर्यंत शिकले. पुण्यात ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याचे काम करत. पुढे संगणक दुरुस्तीला येऊ लागले, त्यांत व्हायरस लागलेले पुष्कळ. धाकटे बंधू संजय संगणकाचे शिक्षण घेत होते. त्यांनी त्यावर औषध लिहून काढले. त्यातून 'क्विक हील' झाले. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात गेली. त्यांचेच घ्या असे आम्ही म्हणत नाही. पण आमच्या दहावीच्या मुलांना आम्ही ही गोष्ट सांगत असू.

खोट्या पहारेकऱ्यांपासून मात्र जपा. संगणक चालू असताना एकाएकी पडदा लाल होतो, भोंगा वाजतो. तुमच्या यंत्रात व्हायरस आहे, या नंबरावर फोन करा, असे लिहून येते. तो नंबर चोराचाच असतो. फोन केला तर तो गोड बोलतो, एक प्रोग्रॅम घालायला लावतो आणि तुमचे यंत्र आपल्या ताब्यात घेतो. फोन करू नका. यंत्र बंद करा. बँकेतून पैसे गेलेच, तर जराही वेळ न घालवता १९३० या सरकारी नंबरावर कळवा. लवकर कळवले तर पैसे वाटेत अडवता येण्याचा संभव असतो.

इतके सगळे केले तरी खांड पडू शकते. आपल्याच जिल्ह्यात, उरण तालुक्यात, न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. आपल्यापैकी किती जणांची मुले तिथे ट्रेलर चालवतात! त्या बंदरात गेटवे टर्मिनल्स इंडिया नावाचे टर्मिनल आहे. २०१७ साली ते डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीच्या समूहाकडून चालवले जात होते. कुठला कंटेनर कुठे उभा आहे आणि कुठल्या जहाजावर चढायचा, हे सगळे तिथे संगणक सांगतो. २७ जून २०१७ रोजी ते संगणक बंद पडले. काम हाताने, कागदावर करण्याची पाळी आली. गाड्यांचा खोळंबा झाला.

हा व्हायरस निघाला होता युक्रेन देशातून. त्याला नॉटपेट्या म्हणतात. तिकडे हिशेबाचा एक प्रोग्रॅम घरोघरच्या दुकानांत वापरात होता. चोरांनी त्याच्या अपडेटमध्येच विष कालवले. मर्स्कच्या तिथल्या कचेरीत तो प्रोग्रॅम होता. तिथून हा हा म्हणता जगभरच्या कचेऱ्यांत विष पसरले. पडद्यावर पैशांची मागणी दिसे, पण पैसे भरून उपयोग नव्हता. तो नासधूस करण्यासाठीच सोडला होता. म्हणून कुणी अपडेट घेणे सोडू नये. रोजची बिळे त्यानेच बुजतात. पण बांध कितीही पक्का असला तरी बियाणे शेतात ठेवायचे नसते, माळ्यावर ठेवायचे असते.

मर्स्कचे बियाणे कुठे सापडले, ते ऐका. कोण कामगार, कुणाला कुठले दार उघडते, याची नोंद ठेवणारी दीडशेच्या आसपास यंत्रे जगभर होती. ती एकमेकांची नक्कल ठेवत. त्यामुळे एक वाचेल असे त्यांना वाटे. पण सगळी एकमेकांना जोडलेली, म्हणून सगळी एकदमच पुसली गेली. शोधता शोधता आफ्रिकेतल्या घाना देशात एक धड यंत्र सापडले. का धड? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! यंत्र बंद होते, म्हणून वाचले. तिथले इंटरनेट इतके मंद की ती नोंद तारेवरून पाठवता येईना. शेवटी घानातल्या माणसाने ती विमानाने नायजेरियात नेऊन दुसऱ्याच्या हाती दिली आणि त्याने ती इंग्लंडला पोचवली. मग कंपनीने दहा दिवसांत ४ हजार मोठी यंत्रे आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे केले. आपल्याकडे २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती, तेव्हा आम्ही विजेच्या नावाने पुष्कळ बोटे मोडली. वीज गेल्याने कुणाचे भले झाल्याचे आम्ही ऐकले ते हे एकच.

आपल्याला वीज जाण्याची वाट बघायला नको. जादा साठवणाची डबी मिळते, तिला हार्ड डिस्क म्हणतात. ती संगणकाला लावायची, हिशेब, फोटो, दाखले यांची नक्कल तिच्यावर घ्यायची आणि ती काढून ठेवायची. काढून ठेवणे महत्त्वाचे. लावलेलीच राहिली तर कुलूप तिलाही बसते. आम्ही दर रविवारी नक्कल घेतो. दोन डिस्क आहेत, एका रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दुसरी. खाऱ्या हवेसाठी त्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून पेटीत ठेवतो, पावती-पुस्तकांशेजारी. महिन्यातून एकदा नक्कल उघडूनही बघतो.

जत्रेची वर्गणी आता वहीतही लिहितो. गेल्या जत्रेला वहीची आणि संगणकाची बेरीज जुळेना, पन्नास रुपयांचा फरक येई. रात्री अकरापर्यंत बसून शोधला. चूक वहीत होती.